जहाजावरची खरवड

सासूबाई गेल्या आणि मी देवघरातल्या अन्नपूर्णेशी बोलणं बंद केलं. मी तिच्यावर रुसले होते, आणि रुसवा रागापेक्षा चिवट असतो. लग्नात आईने दिलेली ही बोटभर उंचीची पितळी मूर्ती, हातात पळी घेऊन तांदळाच्या वाटीत उभी असलेली. दर शुक्रवारी वाटीतले तांदूळ बदलायचे आणि जुने तांदूळ धुऊन त्या दिवशीच्या भातात घालायचे, हा आमच्या घरचा नेम. तो मी आधी रत्नागिरीत पाळला आणि नंतर दोह्यात, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, बावीस वर्षं पाळला. सासूबाईंच्या शेवटच्या चार महिन्यांत तर रोज हात जोडून म्हणायचे, बाई, त्यांच्या पोटात दोन घास जाऊ देत, बाकी काही मागत नाही. पण दोन घास काही गेले नाहीत. मी साजूक तुपातला शिरा केला, मुगाचं कढण केलं, नाचणीचं सत्त्व केलं, टोमॅटोचं सार केलं, आणि सगळं झाकून परत फ्रिजमध्ये ठेवलं. अधूनमधून त्या विचारायच्या, "भाताची खरवड आहे काय गो?" भांड्याच्या बुडाला लागलेला तो करपट थर! कुकरच्या भाताला खरवड कुठून येणार? मी म्हणायचे, "आई, करपलेलं कशाला मागता? मऊ भात केलाय ना तुमच्यासाठी." त्या मान भिंतीकडे फिरवायच्या. म्हातारपणी माणसाचं चित्त भ्रमतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

इथे एक कबूल केलं पाहिजे. माझ्या हाताला चव आहे हे लोकांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मीही ते मान्य करून टाकलं होतं. इथल्या आमच्या गणेशोत्सवात चारशे पानांचा महाप्रसाद माझ्या देखरेखीखाली व्हायचा आणि पानात कुणी काही टाकलं तर मला ते वैयक्तिक अपमानासारखं लागायचं. अशा बाईच्या घरात, तिच्याच हातचं नाकारत एक जीव उपाशी गेला. त्यानंतर वर्षभर मी वाटीतले तांदूळ बदलले नाहीत. त्यांत पोरकिडे झाले तेव्हा मुकाट्याने वाटी धुतली आणि मूर्ती रिकाम्या वाटीत उभी करून ठेवली. नवरा सगळं पाहत होता.

समोरच्या फ्लॅटमध्ये सुजा राहते. केरळची आहे, नर्स आहे, आणि दरवर्षी आपली सुट्टी साठवून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उभ्या असणाऱ्या एका हॉस्पिटल जहाजावर सेवेला जाते. जहाजावर ऑपरेशन थिएटर आहेत, वॉर्ड आहेत, आणि तिथे येणाऱ्या गरिबांवर फुकट उपचार होतात. डॉक्टरपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत बहुतेक सगळे स्वयंसेवक. त्या वर्षी ती मादागास्करला निघाली होती. एक दिवस माझ्या रिकाम्या ओट्याकडे बघत ती म्हणाली, "दीदी, वहाँ किचन में लोग कम हैं. आप तो गणपति में चार सौ का खाना बनाती हो. चलो मेरे साथ, दो महीने." मी हसण्यावारी नेलं. रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "जा की. इथे बसून भिंतींशी भांडतेस, त्यापेक्षा तिथे भांडी तरी घाशील." कॅनडात शिकणाऱ्या मुलाला फोनवर विचारलं, तर त्याचं उत्तर, "आई, जस्ट गो ना!" घरातून हाकलून द्यायला दोघेही इतके उत्सुक आहेत हे बघून मी हट्टाने अर्ज भरला.

जहाजावर पहिल्या दिवशी बॅग उघडली तर मेतकुटाच्या डब्यात काहीतरी टणक लागलं. आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली अन्नपूर्णा आणि नवऱ्याच्या अक्षरात चिठ्ठी: 'हिलाही जरा हवापालट.' माझा नवरा देवाला हात जोडतो तो सणासुदीला, तोही मी डोळे वटारल्यावर. मी पलंगाच्या कडेला बसून आधी हसले आणि मग रडले. शेवटी स्वयंपाकघरातून एका कागदी कपात मूठभर तांदूळ आणले आणि तिला त्यात उभं केलं. बोलले मात्र नाही.

तिथलं आयुष्य घड्याळावर चालायचं. पहाटे साडेपाचला एप्रन, केसांना जाळी, कोपरापर्यंत हात धुणे. भाजी चिरायचा पाट हिरवा, मांसाचा लाल, आणि चुकून बदलला तर मुख्य शेफ पीटरची भुवई वर जायची. हा सहा फुटांचा डच माणूस कधी ओरडत नसे, पण त्याच्या भुवईला आम्ही सगळे घाबरायचो. जहाज धक्क्याला बांधलेलं असलं तरी पायाखाली किंचित हलायचं आणि आठवडाभर मला कढईतलं तेल तिरकं दिसत राहिलं. अंघोळ दोन मिनिटांत उरकायची, कारण गोडं पाणी जपून. सुमारे चारशे माणसांचं तीन वेळचं रांधायचं, शिवाय वॉर्डातल्या पेशंटांचं वेगळं. पेशंटांना तिन्ही त्रिकाळ भातच लागायचा. मादागास्करची माणसं भातावर आपल्या कोकणाहूनही जास्त जीव टाकतात. हा भात मोठ्या वाफेच्या कपाटात पसरट ट्रेमधून व्हायचा. एक शीत दुसऱ्याला चिकटायचं नाही, आणि चवही कशालाच चिकटायची नाही. ज्यांना मऊ लागतं त्यांच्यासाठी मी जाड बुडाच्या पातेल्यात, विजेच्या शेगडीवर, आपल्या पद्धतीने भात करू का, असं मी विचारलं. पीटरने परवानगी दिली. दर शुक्रवारी कपातले जुने तांदूळ मी धुऊन त्या पातेल्यात घालू लागले. दुसऱ्यांच्या ताटात आपल्या देवाचे तांदूळ चालतील का, असं सुजाला विचारलं होतं. गळ्यातला क्रॉस चाचपत ती हसली, "दीदी, चावल तो चावल है. भगवान लोग आपस में देख लेंगे."

तिसऱ्या आठवड्यात सुजाने मला रासुआबद्दल सांगितलं. रासुआ साधारण माझ्याच वयाची, डोंगरातल्या गावची. तिच्या खालच्या जबड्यावर चौदा वर्षं एक गाठ वाढत गेली होती, पार नारळाएवढी. गावात लोक म्हणायचे, हिला कुणाचा तरी शाप आहे. म्हणून ती तोंडावर फडकं बांधून हिंडायची आणि माणसांकडे पाठ करून जेवायची. जहाजावर ती गाठ काढली. ऑपरेशन उत्तम झालं, चेहरा सरळ झाला, नाकातल्या नळीने दूध आणि औषधं जात होती. आता तिने आपल्या तोंडाने पातळ काही प्यायला सुरुवात करायची होती, पण ती ओठच उघडेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. वजन रोज घटत होतं आणि जखम भरत नव्हती. "डॉक्टर बोला, सोमवार तक देखेंगे," सुजा म्हणाली. तोपर्यंत पिऊ लागली नाही तर थेट पोटात नळी घालावी लागणार होती. आणि तशी नळी घेऊन ती त्या डोंगरात फार दिवस जगली नसती, कारण तिथे ना नर्स ना स्वच्छ पाणी. महिनाअखेरीस जहाजही निघणार होतं.

भिंतीकडे तोंड, हे ऐकताच सासूबाईंची फिरवलेली मान डोळ्यांसमोर आली. मी मनाशी म्हटलं, हिला मी जेवू घालणार. त्या चार दिवसांत मी माझं सगळं कसब पणाला लावलं. मऊ भाताची गाळलेली पेज, वर चमचाभर तूप. मुगाचं कढण, जिऱ्याच्या फोडणीचं. घरून आणलेलं नाचणीचं सत्त्व, दुधातलं, वेलची घालून. भोपळ्याचं सूप. प्रत्येक वाटी सुजा खाली वॉर्डात घेऊन जायची आणि प्रत्येक वाटी भरलेली परत यायची. ती सत्त्वाची वाटी परत आली तेव्हा वरची साय जशीच्या तशी होती. असली साय मी दोह्यात फ्रिजमध्ये पाहिली होती. गुरुवारी दुपारी केबिनमध्ये येऊन मी वर्षभराचं मौन सोडलं, पण ते भांडायला. कपात उभ्या असलेल्या त्या बोटभर बाईला म्हटलं, "पुन्हा तेच चालवलंयस? हातात पळी कशाला घेऊन उभी आहेस मग?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. रागात असले तरी नेम मोडला नाही, जुने तांदूळ धुतले आणि पातेल्यात घातले. सकाळी दहाच्या सुमारास, भातातलं पाणी आटत आलेलं असताना, आगीच्या सरावाचा भोंगा वाजला. भोंगा झाला की हातातलं टाकायचं, शेगडी बंद करायची, लाइफ जॅकेट चढवून आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायचं. मी बटण बंद केलं, पातेल्यावर घट्ट झाकण ठेवलं आणि निघाले. घरी गॅस बंद केल्यावर कुकरमधला भात तसाच मुरू देतो, झाकण काढत नाही, तीस वर्षं हेच केलं होतं. विजेच्या शेगडीची ती जाड लोखंडी तबकडी बंद केल्यावरही कितीतरी वेळ तापलेलीच राहते, हे शिकवलेलं त्या क्षणी डोक्यातून साफ गेलं. त्यात त्या दिवशी डेकवर माणसांची मोजदाद दोनदा चुकली, आणि आम्ही चांगला पाऊण तास उन्हात उभे.

परत आलो तर पॅसेजमध्येच करपल्याचा वास. आगीच्या सरावाच्या दिवशी खरी आग लावणारी बाई म्हणून माझं नाव जहाजाच्या इतिहासात जाणार, असं मला वाटलं. पीटर पातेल्यापाशी उभा होता. भुवई वर. मी झाकण काढलं. वरचा भात खाण्याजोगा होता, तो तिथल्या स्थानिक मदतनिसांनी आनंदाने वाटून घेतला, पण त्याला धुराचा वास लागलेला, पेशंटला देता येणार नव्हता. खाली बुडाला दोन बोटं जाडीचा तांबूस तपकिरी थर घट्ट बसला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चारशे पानं वाढणाऱ्या बाईने भात करपवला! मी खाली मान घालून पातेलं सिंकमध्ये नेलं, उलथनं घेतलं आणि खरवडायला लागणार, तोच कुणीतरी माझं मनगट धरलं.

ती हांता होती. बंदरातल्याच वस्तीतली, आमच्याकडे भांड्यांना मदत करणारी, अबोल बाई. तीन आठवड्यांत आमच्यात दोन शब्दांपलीकडे बोलणं झालं नव्हतं. "नो, नो, मादाम!" म्हणत तिने पातेलं माझ्या हातातून जवळजवळ हिसकावलं, परत शेगडीवर ठेवलं, थर आणखी जरा तापू दिला आणि त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. चर्रर्र आवाज झाला, वाफेचा लोट उठला आणि एक खमंग वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला. भांडी घासणाऱ्या दोघी हातातलं टाकून जवळ आल्या. पाणी उकळून सोनेरी तांबूस झालं. "रानोव्होला," हांता म्हणाली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने समजावलं, की त्यांच्याकडे प्रत्येक घरात भात असाच मुद्दाम लागू देतात, मग त्यात पाणी उकळतात, आणि जेवणाबरोबर सगळे हेच पितात. जहाजाच्या वाफेच्या भाताला थर धरत नाही, म्हणून इथे कुणाला ते मिळत नाही. मग तिने खाली बोट दाखवलं, वॉर्डाच्या दिशेने. "फॉर सिक मामा," ती म्हणाली. जेवणाच्या ट्रे खाली नेताना तीही रोज ती भिंतीकडची पाठ बघत होती.

सुजाने डॉक्टरांना विचारलं, पाणी फडक्यातून गाळलं, निववलं. त्या दिवशी आम्हा दोघींनाही तिने वॉर्डात नेलं. रासुआ नेहमीसारखी पाठ करून पडलेली होती. हांताने पेला तिच्या डोक्यापाशी ठेवला आणि स्टुलावर बसली. एक मिनिट गेलं असेल. मग पाठ हलली. रासुआ हळूच वळली, पेल्याकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडून अस्पष्ट शब्द आले. हांताने मला इंग्रजीत सांगितलं, "ती विचारते, हे कुणाच्या घरचं आहे?" आणि उत्तर म्हणून स्वतःच माझ्याकडे बोट दाखवलं.

रासुआने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग पडदा ओढायला सांगितला. आम्ही पडद्याबाहेर थांबलो. आतून एक घोट गेल्याचा आवाज आला, मग खोकला, मग दुसरा घोट. बरंचसं सांडलं होतं, नंतर पाहिलं तर उशी ओली होती. पण पडद्यातून एक हात बाहेर आला, आणि त्या हातात रिकामा पेला होता. तो पुन्हा भरून हवा होता! सुजाने तिथल्या तिथे छातीवर क्रॉस केला, मी हात जोडले, आणि हांता तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावून रडू लागली. आजूबाजूच्या पलंगांवरच्या बायका उठून बसल्या होत्या, कारण वास त्यांच्यापर्यंतही गेला होता, आणि त्यांनाही ते हवं होतं.

वर येऊन पातेल्यात उरलेलं पाणी मी पेल्यात ओतलं आणि प्यायले. जिभेला लागलं आणि कानात स्पष्ट ऐकू आलं, "भाताची खरवड आहे काय गो?" सासूबाईंचं चित्त भ्रमलं नव्हतं. त्यांना त्यांच्या आईच्या चुलीवरचा वास हवा होता, आणि मी त्यांना माझी सुगरणता वाढत राहिले. चार महिने त्या मागत होत्या, चार महिने देवी कदाचित त्यांच्याच तोंडून मला सांगत होती, आणि मी देवीलाच विनवण्यात इतकी गुंतले होते की मला ऐकूच आलं नाही. त्या दिवशी मी पोटभर रडले. पीटरने माझ्यासमोर खुर्ची ओढली, एक नॅपकिन दिला आणि भुवई खाली ठेवून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानेच हुकूम काढला, "आज भात नीट जाळ." आयुष्यात पहिल्यांदा मला करपवण्याची ऑर्डर मिळाली. तेही काही सोपं नसतं! एकदा फिका राहिला, एकदा कोळसा झाला. हांताने माझ्या हातावर चापट मारून कधी थांबायचं ते शिकवलं. चारशे पानांची बाई अशी भांडी घासणारीची शिष्या झाली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. रविवारी रासुआने पडदा ओढायला सांगितलं नाही. सोमवारी डॉक्टर आले तेव्हा ती पलंगावर बसून, सगळ्या वॉर्डासमोर, दोन्ही हातांनी पेला धरून पीत होती. पोटातल्या नळीचा विषयच संपला, आणि बुधवारी नाकातलीही निघाली. मग तिने माझी पेज घेतली, मग मऊ भात. तूप मात्र तिला शेवटपर्यंत आवडलं नाही, आणि तसं तिने तोंडावर सांगितलंही.

ती घरी गेली त्या सकाळी वॉर्डाने गाणी म्हणत, टाळ्या वाजवत तिला दारापर्यंत पोचवलं. जहाजाच्या जिन्यावरून ती उतरली तेव्हा तोंडावर फडकं नव्हतं. खाली तिची बहीण आणि भाचे डबा घेऊन आले होते. धक्क्यावरच्या सावलीत ते सगळे गोल करून बसले, आणि रासुआ त्या गोलात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, उघड्या तोंडाने भात जेवली. आम्ही स्वयंपाकघरातले सगळे वरच्या कठड्याला लटकून बघत होतो आणि कप जिंकल्यासारखे ओरडत होतो. तिने वर बघून हातातला घास उंचावून दाखवला. पीटरची भाजी खाली लागली, पण त्या दिवशी त्याने कुणालाच बोल लावला नाही.

हा चमत्कार होता का, मला सांगता येणार नाही. भोंगा वेळापत्रकाप्रमाणे वाजला, शेगडी तिच्या धर्माप्रमाणे तापलेली राहिली, आणि चूक माझीच होती. एवढंच कळतं, की माझं सगळं कसब संपल्यावर जे ताटात पडलं ते माझं नव्हतं. पळी अन्नपूर्णेच्या हातात आहे. आपण फार तर पातेलं धरायचं, आणि समोरचा काय मागतोय ते ऐकायचं. हे शिकायला मला वयाची बावन्न वर्षं आणि एक समुद्र लागला, याबद्दल मी तिची आणि त्या मेतकुटाच्या डब्याची ऋणी आहे.

दोह्याला परतल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी नवरा घरीच होता. मी अन्नपूर्णेची वाटी ताज्या तांदळांनी भरली, कपातले जहाजावरचे तांदूळ धुतले आणि कुकर बाजूला ठेवून जाड बुडाच्या पातेल्यात भात लावला. मुलाचा व्हिडिओ कॉल चालू होता. नवरा पेपरातून डोकं काढून म्हणाला, "अगं, करपतंय." पलीकडून मुलगा ओरडला, "आई, इज समथिंग बर्निंग?" मी म्हटलं, "हो रे, मुद्दाम." वास बरोबर हांताच्या चापटीपर्यंत आला तेव्हा गॅस बंद केला, पाणी ओतलं, उकळलं, गाळलं. पहिला पेला सासूबाईंच्या फोटोसमोर ठेवला आणि म्हटलं, "आई, खरवड आहे हो."